ट्रेम्बाथांची हिरवी गाडी

कॅरिक बे, साउथ ऑस्ट्रेलिया
२ ऑगस्ट १९९८

प्रिय क्लेम,

तुझ्या मुलीने पाठवलेलं कार्ड मिळालं. त्यावर तुझी सही नव्हती, पण बर्नीहून आलं म्हणजे तुझंच, असं धरून चालले. अर्न शेवटचे तीन दिवस काहीच बोलला नाही. त्याआधी बोलला तो गाडीबद्दल. "पंधरा दिवसांतून एकदा तिला सुरू करत जा, मर्ल," एवढंच. एक्कावन्न वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे शेवटचे शब्द हे असावेत, याचं हसू येतं आणि येतही नाही.

मे महिन्यापासून ती शेडमध्ये तशीच उभी आहे. काल मी तिच्यावरची चादर काढली. अजून तेवढीच हिरवी, तेवढीच लांबलचक आणि तेवढीच आढ्यतेखोर. हयातभर त्याने मला तिच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आत बसण्याआधी बूट झटकायला लावायचा. आता ती माझी झाली. किल्ली फिरवली तर एकदा कण्हली आणि गप्प झाली.

इथल्या नव्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, असलं इंजिन त्याने फक्त चित्रात पाहिलंय. तुला माहीतच आहे, त्या अपघातानंतर अर्नने तिचं सगळं काम स्वतः केलं. दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही, तुलासुद्धा नाही. पण त्याआधी सहा वर्षं ती तुझ्याच हाताखाली होती. तिला आतून ओळखणारा माणूस आता तू एकटाच उरलास. काय करायचं ते क्रमाने लिही. मी त्र्याहत्तर वर्षांची झाले, पण पाना धरता येतो.

तुझी,
मर्ल ट्रेम्बाथ


बर्नी, टास्मानिया
१५ ऑगस्ट १९९८

प्रिय मिसेस ट्रेम्बाथ,

पत्र पोचलं. बॉसचं ऐकून वाईट वाटलं. कार्डावर सही राहिली कारण हात थरथरतो. हे पत्रसुद्धा तीन दिवस लिहितोय, अक्षर चालवून घ्या.

आधी बॅटरी काढून चार्जिंगला द्या. मग सगळे प्लग काढा आणि प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून दिवसभर राहू द्या. प्लग न लावताच स्टार्टर फिरवा, म्हणजे इंजिन मोकळं होईल. टाकीतलं पेट्रोल उतरवून टाका, त्याला वास सुटला असेल. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उंदरांना ती जागा फार आवडते. डॅशबोर्डच्या लाकडाला ओलं फडकं लावू नका, फुगतं. सीटच्या कातडीला लावायचं मेण बॉसने कुठेतरी ठेवलेलं असेल, ते बोटांनी चोळा, ब्रशने नाही. असली गाडी वापरून जेवढी खराब होते त्याच्या दुप्पट उभी राहून होते.

आता एक सांगतो ते नीट ऐका. इंजिन सुरू झालं तरी गाडी शेडबाहेर काढायची नाही. चाकांपाशी ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्या असतात. त्या सगळ्या नव्या घातल्याशिवाय ती एक फूटसुद्धा पुढे न्यायची नाही. ॲडलेडमध्ये मागवल्या तर मिळतात. मिळेपर्यंत थांबा.

क्लेम हॅस्केल


कॅरिक बे
६ सप्टेंबर १९९८

प्रिय क्लेम,

सुरू झाली. फिल्टरच्या डब्यात उंदरांनी चर्चच्या पत्रिकांचा लगदा करून घर बांधलं होतं. ते उपसताना पाद्र्यांचं ईस्टरचं प्रवचन तुकड्या-तुकड्यांनी माझ्या हातात आलं. पेट्रोल उतरवताना अर्धं अंगावर सांडलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं आणि चौथ्या वेळेला तिने खोकून धूर सोडला आणि मग इतकी शांत चालायला लागली, की बंद पडली असं वाटून मी पुन्हा किल्ली फिरवली. तो आवाज ऐकून तू शहारला असतास. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

आता बातमी. आपल्या जेटीला शंभर वर्षं होताहेत. एकोणतीस नोव्हेंबरला मिरवणूक आहे आणि कमिटीला आपली गाडी सगळ्यात पुढे हवी आहे. टाउन हॉलपासून जेटी रस्त्याने खाली पाण्यापर्यंत. गाडी मीच चालवणार. त्या रस्त्याने ट्रेम्बाथांची गाडी पुन्हा खाली न्यायची, याचा विचार मी केला नाही असं समजू नकोस. लोक काय बोलतील तेही ठाऊक आहे. पण पंचवीस वर्षं मी त्या उताराला वळसा घालून पोस्टात जाते आहे. आता पुरे.

नळ्यांचं म्हणशील तर मी खाली वाकून बघितल्या. काळ्याभोर आहेत, एक चीर नाही. अर्नने गाडी नव्याने जोडली तेव्हा घातलेल्या असणार. तू पहिल्यापासूनच घाबरट.

मर्ल


बर्नी
२० सप्टेंबर १९९८

मिसेस ट्रेम्बाथ,

गाडी मिरवणुकीत नेऊ नका. हात जोडून सांगतो.

रबर बाहेरून बघून कळत नाही. बाहेरून काळंभोर दिसतं आणि आतून कुजलेलं असतं. शेडमध्ये पेडल दाबून बघाल तर घट्ट लागेल. सपाट रस्त्यावर दहा वेळा लागेल. उतारावर गाडीत माणसं असताना एकदाच जोरात दाबाल आणि नळी फुटेल. मग पाय थेट तळाच्या फळीपर्यंत जातो आणि खाली काहीच नसतं. त्या गाडीला एवढं वजन आहे की हँडब्रेकला ती जुमानत नाही. मी हे एकदा डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो.

नळ्या माझ्या नावावर मागवल्यात. मी स्वतः येऊन बसवतो म्हटलं तर मुलगी, ग्वेन, बोटीचं तिकीट काढू देत नाही. डॉक्टरने तिला काय सांगितलंय कुणास ठाऊक.

तोवर किल्ली कुणाकडे तरी देऊन टाका.

क्लेम


कॅरिक बे
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय क्लेम,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं.

तू म्हणतोस, एकदा डोळ्यांनी बघितलंय. कुठे बघितलंस? तीस वर्षं या गावात तुझं एकच गॅरेज होतं. एवढ्या वर्षांत ब्रेक गेले असं म्हणणारा माणूस मला एकच आठवतो. तो माझा मुलगा.

हॉस्पिटलमध्ये नीलच्या गळ्याचं हाड मोडलं होतं आणि तो एकच वाक्य घोकत होता, की आई, पाय थेट तळाच्या फळीपर्यंत गेला, खाली काहीच नव्हतं. तुझ्या पत्रात तेच शब्द आहेत, क्लेम. मी तेव्हा त्याला काय म्हटलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "फायफरांची लॉरेन सतरा वर्षांची होती. गाडीवर ढकलू नकोस. पुरुषासारखं कबूल कर." अर्न शेजारी उभा होता. तो खिडकीबाहेर बघत होता. पुढे तू कोर्टात सांगितलंस, की त्याच आठवड्यात तू ब्रेक तपासले होते आणि ते उत्तम होते. नील चौदा महिने आत राहिला. सुटल्यावर सरळ पश्चिमेला गेला तो आजतागायत आला नाही. बापाच्या मातीलाही नाही.

मला सरळ उत्तर हवंय.

मर्ल ट्रेम्बाथ


बर्नी
२५ ऑक्टोबर १९९८

मिसेस ट्रेम्बाथ,

तुम्ही विचाराल म्हणून पंचवीस वर्षं घाबरत होतो आणि तुम्ही विचारावं असंही वाटत होतं. लिहितो.

डिसेंबर त्र्याहत्तरमध्ये बॉसने गाडी आणली. म्हणाला, पेडल मऊ लागतंय. पुढच्या डाव्या चाकाची नळी फुगली होती. मी सांगितलं, नवी विलायतेहून येईल, आठ आठवडे. तोवर गाडी इथेच राहू दे. बॉस म्हणाला, नाताळात ती दारात नसली तर लोकांना वाटेल विकली. मी जुनीच नळी परत आवळून दिली. तो म्हणाला, मी स्वतःच चालवीन, तेही हळू. मी मान डोलावली. चूक माझी तिथेच झाली. गाडी द्यायलाच नको होती.

शनिवारी संध्याकाळी नील टाउन हॉलच्या नाचाला निघाला होता. त्याने जुना ट्रक मागितला होता. बॉस खुशीत होता आणि त्याने हिरव्या गाडीची किल्ली दिली. मुलीला थाटात घेऊन जा, म्हणाला. हे त्याने मला नंतर सांगितलं. नळीची आठवण तेव्हा झाली नाही असं म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अजून ठेवतो.

जेटी रस्त्याच्या उतारावर मोडलेली गाडी पोलिसांनी त्याच रात्री माझ्या अंगणात आणून टाकली. दुसरी जागाच नव्हती. रविवारी सकाळी बॉस आला. त्याने काही मागितलं नाही. गाडीपाशी उभा राहिला आणि एवढंच विचारलं, "आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. तो गेला. मग मी फुटलेली नळी काढली आणि भंगारातल्या एका गाडीची चांगली नळी तिथे बसवली. सोमवारी शहरातून तपासनीस आला. त्याने पेडल दाबलं, चाक बघितलं आणि लिहून घेतलं.

गॅरेजची जागा बॉसची होती, घरात दोन लहान मुली होत्या, हे सगळं खरं. पण खरं कारण ते नाही. मी घाबरलो. लॉरेनला मी नळी बदलून मारली नव्हती, ती आधीच मेली होती, असं मी स्वतःला समजावलं. नीलचं काय, ते तेव्हा डोक्यातच आलं नाही. आलं तोवर मी शपथ घेऊन बोलून मोकळा झालो होतो.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

क्लेम हॅस्केल


कॅरिक बे
२२ नोव्हेंबर १९९८

क्लेम,

चार आठवडे मी तुला लिहू शकले नाही. मिरवणुकीला नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं नाही कुणी. म्हातारी आहे, बिचकली असेल, असं धरून चाललेत.

तुझं पत्र घेऊन मी लॉरेनच्या आईकडे, हिल्डा फायफरकडे गेले. आमच्या घरांत चारच दारांचं अंतर आहे आणि पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकींशी हवापाण्याचंसुद्धा बोललेलो नाही. चर्चमध्ये ती डावीकडे बसते, मी उजवीकडे. तिने दार उघडलं, मला आत घेतलं, कॉफी ओतली. पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "लॉरेन पुढेच बसली होती ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला गाडी बघायचीय."

शेड उघडली. हिल्डा एकोणऐंशीची आहे, गुडघे वाकत नाहीत. तरी आधार न घेता ती पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली. मी बाहेरच उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली असतील. ती हाताने सीट चाचपत होती. मग म्हणाली, "ही सीट नवी आहे."

"हो. अर्नने बदलली."

"मग काय उपयोग," असं म्हणून ती उतरली.

फाटकापाशी थांबून तिने मला जे सांगितलं ते तुलाही कळायला हवं. म्हणाली, "पंचवीस वर्षं मी तुझ्या मुलाचं वाईट चिंतत आले, मर्ल. रोज, नेमाने. आता ते सगळं मी कुठे नेऊन ठेवू?" तुझ्याकडे उत्तर असेल तर तिला लिही.

मला तुझी माफी नको आणि तुझं दुःखही नको. जे मला लिहिलंस तेच मॅजिस्ट्रेटसमोर लिहून दे. नावासकट, तारखांसकट, अर्नच्या नावासकट. कुणाला वाचवू नकोस. थरथरत्या हाताने का होईना, सही या वेळी तुझी असू दे.

मर्ल ट्रेम्बाथ


बर्नी
८ डिसेंबर १९९८

मिसेस ट्रेम्बाथ,

सोबत कागद आहे. शिक्क्याचा. मूळ प्रत पोलिसांनी ठेवली. दोघं घरी आले होते. माझ्यावर खटला भराल का विचारलं, तर त्यातला मोठा माझ्या ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे बघून म्हणाला, आधी वरिष्ठांना कळवतो. भरला तरी चालेल, असं मी त्याला सांगितलं.

ग्वेनला आता सगळं माहीत झालं. ती जेवण टेबलावर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. लॉरेन तिला शाळेत पोहायला शिकवायची, हे मी विसरलो होतो. ती नव्हती विसरली.

मिसेस फायफरना दोन वेळा लिहायला घेतलं. दोन्ही वेळा कागद फाडला. तिसऱ्यांदा बघतो.

बॉसबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याने ती मोडलेली गाडी परत जोडायला घेतली तेव्हा सगळं गाव म्हणालं, केवढा हा माज. मीही म्हणालो. दुसऱ्या वर्षी एकदा मी काहीतरी द्यायला शेडवर गेलो. तो पुढच्या डाव्या चाकापाशी जमिनीवर बसला होता. चाक काढलेलं नव्हतं आणि हातात एकही अवजार नव्हतं. मला बघून उठला नाही. मी तसाच परत फिरलो. त्यानंतर त्याने मला गाडीला हात लावू दिला नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

मागवलेल्या नळ्या इथे येऊन पडल्यात. तुम्हाला पाठवू की नको ते कळवा.

क्लेम हॅस्केल


कॅरिक बे
३१ जानेवारी १९९९

प्रिय क्लेम,

तुझा कागद वकिलाने कोर्टात दिला आहे. तो म्हणतो, वेळ लागेल, पण नीलच्या नावावरचा डाग पुसला जाईल. एक प्रत मी पश्चिमेला कराथा गावी नीलला पाठवली होती. सहा आठवडे काही कळलं नाही. गेल्या रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

आवाज ओळखू आला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा आवाज, थेट अर्नचा. मला वाटलं, तो रागावेल किंवा रडेल. त्याने आधी विचारलं, की माझी तब्येत कशी आहे. मग म्हणाला, "आई, मला हे माहीत होतं."

अर्न तुरुंगात त्याला एकदाच भेटायला गेला होता. मला सांगितलं होतं, की धान्याच्या कामाला ॲडलेडला जातोय. तिथे त्याने नीलला सगळं सांगितलं. नळीचं, तुझं, किल्लीचं. आणि म्हणाला, तू सांगितलंस तर मी कबूल करीन, पण तुझी आई मग एक दिवस माझ्याबरोबर राहणार नाही आणि मला दुसरं कुणी नाही. नील वीस वर्षांचा होता. त्याने बापाला शब्द दिला आणि पाळला. अर्न पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवला, मी त्याला वाढत राहिले. नीलचा विषय निघाला की तो उठून शेडमध्ये जायचा आणि मला वाटायचं, मुलावरचा राग अजून गेला नाही.

मी नीलला विचारलं, मग सुटल्यावर घरी का आला नाहीस? बापाला तर तू माफ केलं होतंस.

तो म्हणाला, "बाबांमुळे नाही, आई. तू हॉस्पिटलमध्ये बोललीस ना, त्यामुळे. कोर्टाने नाही मानलं तर समजू शकतो. पण मी सांगत होतो तेव्हा तूसुद्धा मानलं नाहीस."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं त्याने. मी म्हटलं, मी चुकले. फोनवर हे दोन शब्द फार लहान वाटतात, क्लेम. तो म्हणाला, हो. एवढंच. तुला मी जे बोलले ते सगळं खरंच आहे, मागे घेत नाही. पण हे ऐकल्यापासून तुझ्यावर रागावताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

हिल्डाला तुझं पत्र मिळालं म्हणाली. काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिने नीलचा पत्ता मागून घेतला. काय लिहिणार तेही मला माहीत नाही.

नळ्या पाठवू नकोस. बॅटरीची तार मी सोडवून ठेवली आहे. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा एक माणूस बघून गेला. तो तिच्याभोवती टोपी काढून फिरला आणि असली देखभाल त्याने कधी पाहिली नाही म्हणाला. द्यायची की नाही ते परत आल्यावर ठरवीन. परत कधी येईन ते माहीत नाही.

मी गुरुवारी निघते आहे. आधी पर्थपर्यंत आगगाडी, पुढे बस, सगळे मिळून पाच दिवस. नीलने मला ये म्हटलेलं नाही. मी येते म्हटल्यावर तो नकोही म्हणाला नाही. फोन ठेवण्याआधी फक्त म्हणाला, फेब्रुवारीत इथे फार उकडतं, सुती कपडे आण.

मर्ल